आरशाची मापे आणि आरशाचे दर

साहित्यकृतीत आरसा आला की समीक्षेची लेखणी लगोलग आत्मप्रतिमा, द्वैत, भास, विखंडित व्यक्तिमत्त्व अशा संज्ञांकडे वळते. हे वळण चुकीचे नाही. पण त्या घाईत एक साधा प्रश्न बहुधा राहून जातो. तो आरसा केवढा होता? त्यात पात्राला केवळ डोळे-नाक दिसत होते, की मस्तकापासून पायापर्यंत सारा देह? तो कोणी विकला, कोणत्या दराने विकला, आणि तो घेण्याची ऐपत समाजातल्या कोणत्या थराला होती? आरसा हे प्रतीक होण्यापूर्वी आणि झाल्यानंतरही एक विक्रेय वस्तू आहे. कोणत्या मापाचे आरसे करायचे, कोणते कोणत्या व्यापाऱ्याकडे पाठवायचे, कोणत्या मापाला काय भाव लावायचा, याचा विचार गेली साडेतीनशे वर्षे कारखानदार आणि दुकानदार करीत आले आहेत. माणसाने स्वतःला किती पाहावे हे पुष्कळ अंशी त्यांच्या दरपत्रकाने ठरविले, असे आमचे प्रतिपादन आहे. या लेखात आम्ही तो इतिहास मुख्यतः फ्रान्सच्या आधाराने मांडीत आहोत, कारण मापांची आणि दरांची आखणी तिथे राजाज्ञेनेच झाली आणि म्हणून ती स्पष्ट दिसते.

काचेचा सपाट आरसा ही वस्तू आपण समजतो तितकी प्राचीन नाही. त्याआधी शतकानुशतके आरसा म्हणजे घासून चकचकीत केलेली धातूची तबकडी होती. युरोपात मध्ययुगाच्या उत्तरार्धात काचेचे आरसे आले, ते फुगीर. जर्मन कारागीर काचेचा गोळा फुंकीत, आतून धातूचा लेप देत आणि मग त्याचे तुकडे करीत. असा तुकडा लहान आणि बहिर्वक्र असे. त्यात खोली सारी मावे, पण चेहरा ताणलेला दिसे. यान व्हान आयकच्या १४३४ सालच्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात मागच्या भिंतीवर टांगलेला गोल आरसा याच जातीचा. पार्मिज्यानिनोने १५२४च्या सुमारास आपले प्रसिद्ध आत्मचित्र काढले, तेही अशाच फुगीर आरशात पाहून. तो न्हाव्याकडचा आरसा होता असे वसारी सांगतो. हा तपशील मोलाचा आहे. चित्रातला तो अवाढव्य हात आणि दूर गेलेला चेहरा हा चित्रकाराच्या प्रतिभेचा विलास खराच, पण त्याच्या मुळाशी त्या काळी न्हाव्याच्या दुकानात मिळणारा माल आहे.

सपाट, स्वच्छ आणि बिनरंगी काचेचा आरसा ही व्हेनिसची देणगी. मुरानो बेटावर पंधराव्या शतकाच्या मध्यास ‘क्रिस्ताल्लो’ नावाची निर्मळ काच सिद्ध झाली. १५०७ साली दाल गाल्लो बंधूंनी अशा काचेचे उत्तम आरसे करण्याची कृती आपल्याला साधली आहे असे व्हेनिसच्या सत्ताधाऱ्यांना कळवून विशेषाधिकार मिळविला. १५६९ मध्ये तिथल्या आरसेवाल्यांचा स्वतंत्र व्यवसायसंघ स्थापन झाला. कृती अशी होती : काचेचा लांबट फुगा फुंकायचा, तो उभा चिरून सपाट करायचा, घासायचा आणि मागे कथिल-पाऱ्याचा लेप द्यायचा. म्हणजे आरशाच्या मापाला मर्यादा होती ती फुंकणाऱ्याच्या श्वासाची आणि त्याच्या हातांच्या बळाची. त्या मर्यादेच्या जवळ जाणारा प्रत्येक आरसा दुर्मीळ आणि म्हणून महाग. १६८३ मध्ये फ्रान्सचा अर्थमंत्री कोल्बेर मरण पावला. त्याच्या मालमत्तेच्या यादीत रौप्य चौकटीचा ४६ बाय २६ इंचांचा एक व्हेनिसी आरसा ८,०१६ लिव्र किमतीचा, आणि राफाएलचे म्हणून नोंदलेले एक चित्र ३,००० लिव्र किमतीचे आहे. चौकटीच्या चांदीचा वाटा वजा केला तरी आरशाचे मोल काय होते याचा अंदाज यावरून येतो.

याच कोल्बेरने व्हेनिसची मक्तेदारी मोडण्याचा घाट घातला होता. ऑक्टोबर १६६५ मध्ये निकोला द्यु नुवाये याला राजाज्ञेने आरसे करण्याचा विशेषाधिकार मिळाला. मुरानोचे कारागीर प्रलोभने दाखवून पॅरिसला आणले गेले. व्हेनिसच्या राज्याने त्यांना परत नेण्यासाठी विनवण्या केल्या आणि धमक्याही दिल्या. १६६७ साली त्यांतले दोघे थोड्या अंतराने मरण पावले तेव्हा विषप्रयोगाचा संशय घेतला गेला. बहुतेक व्हेनिसी परतले. पुढे शेर्बूरजवळच्या तूर्लाव्हिल येथील फ्रेंच काचकारांनी फुंकीव आरशाची विद्या आत्मसात केली आणि कंपनी तगली.

व्हर्सायचा आरसेमहाल १६७८ ते १६८४ या काळात बांधला गेला. त्याचे वर्णन करताना लेखक भव्यता या शब्दापाशी थांबतात. आम्ही वाचकांचे लक्ष एका हिशेबाकडे वेधू इच्छितो. तिथे १७ कमानी आहेत, प्रत्येक कमानीत २१ आरसे आहेत, एकूण ३५७. एकेका कमानीत एकवीस तुकडे कशासाठी? कारण त्या वेळच्या उत्पादनात याहून फार मोठे माप नव्हते. युरोपातला सर्वांत बलाढ्य राजासुद्धा कमानीएवढा आरसा विकत घेऊ शकत नव्हता, कारण तो कोणाच्याच यादीत नव्हता. सांध्यांच्या रेषा सोनेरी पट्ट्यांनी सजविल्या आहेत. त्या दालनातून चालणाऱ्या दरबाऱ्याला स्वतःचे रूप चौकटीचौकटींत तुटलेले दिसे.

ही मर्यादा ओलांडली गेली ती काच फुंकण्याऐवजी ओतण्याच्या कृतीने. ऑर्लेआंच्या बेर्नार पेरो याने १६८७ मध्ये अशी कृती पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवली. लवकरच लुई लुका द नेऊ याच्या हाताखाली ती कारखान्यात उतरली. वितळलेली काच धातूच्या मेजावर ओतायची, रूळ फिरवून सारखी करायची, भट्टीत कित्येक दिवस हळूहळू निववायची, मग वाळू आणि कुरुंदाने घासून झिलई द्यायची. १६८८ मध्ये आब्राम तेव्हार याच्या कंपनीला या कृतीचा विशेषाधिकार मिळाला, आणि त्यात मापाची अट होती. किमान ६० बाय ४० पूस, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे १.६२ बाय १.०८ मीटर. याहून मोठा माल नव्या कंपनीचा, लहान माल जुन्या कंपनीचा. आरशांच्या बाजारपेठेची अशी कागदोपत्री वाटणी राजाच्या मोहरेने झाली.

कागदावर ही वाटणी चोख दिसते, पण काचेचा स्वभाव तिला जुमानणारा नव्हता. मोठी काच ओतली म्हणजे ती मोठीच उतरेल असे नाही. कुठे बुडबुडा राहतो, कुठे रेघ उमटते, निवताना तडा जातो, घासताना कोपरा उडतो. अशा काचेतला दोष टाळून लहान आरसे कापणे हा नुकसान भरून काढण्याचा स्वाभाविक मार्ग. काच-व्यवसायात लहान माल हा पुष्कळदा मोठ्या मालाच्या अपघातातून जन्मतो, ही गोष्ट मापांची यादी करणाऱ्याने प्रथम लक्षात घ्यावी लागते. मापाच्या सीमेवर दोन कंपन्या उभ्या केल्या की एकीच्या मोडक्या काचेवर दुसरीचा हक्क आड येतो. १६९५ मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र करण्यात आल्या. तोवर नव्या कंपनीने पिकार्डीतील सां-गोबँ येथे, एका पडक्या गढीच्या जागी, बस्तान बसविले होते. एकत्रित कंपनीही १७०२ मध्ये बुडाली आणि नव्या भांडवलदारांच्या हाती गेली. त्यानंतर मात्र तिने जी घडी बसविली ती अठराव्या शतकभर टिकली.

या घडीचे मर्म छापील दरपत्रकात होते. एका बाजूला उंचीचे पूस, दुसऱ्या बाजूला रुंदीचे पूस, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे किंमत. वाढत्या मापाबरोबर भाव क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढत नसे, त्याहून कितीतरी वेगाने वाढे. दुप्पट क्षेत्रफळाच्या आरशासाठी दुपटीहून पुष्कळ अधिक पैसे मोजावे लागत. यात व्यापाऱ्याचा लोभ होताच, पण जोखमीचा न्यायही होता. सां-गोबँला ओतलेली काच गाडीने आणि मग वाझ नदीच्या मार्गाने पॅरिसच्या र्‍यू द र्‍योयी येथील कर्मशाळेत येई. तिथे तिला झिलई आणि पाऱ्याचा लेप मिळे. वाटेतला प्रत्येक धक्का मोठ्या काचेला अधिक घातक. मोठ्या आरशाच्या किमतीत न पोहोचलेल्या आरशांचीही किंमत मिसळलेली असे.

कारखाना आणि घर यांच्यामध्ये आरसेवाल्यांचा व्यवसायसंघ होता. हे दुकानदार काचा उचलीत, चौकटी बसवीत, जुने आरसे परत घेऊन नव्याने लेपवीत आणि गिऱ्हाइकाची ऐपत पाहून माप सुचवीत. दरपत्रकातल्या तीव्र चढाला त्यांनी व सजावटकारांनी शोधलेला उपाय म्हणजे जोडआरसा. एका अखंड उंच काचेऐवजी दोन काचा एकावर एक बसवायच्या आणि सांधा नक्षीत लपवायचा. शेगडीच्या वर आणि दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर आरसा लावण्याची रीत सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये रूढ झाली आणि नंतर युरोपभर पसरली. तिने आरशाला दागिन्यांच्या पेटीतून काढून वास्तूचा भाग केले. इंग्लंडने फ्रेंच मोठ्या काचांची आयात रोखण्यासाठी १७७३ मध्ये ओतीव काचेची स्वतंत्र कंपनी स्थापिली आणि सेंट हेलन्सजवळ रेव्हनहेड येथे कारखाना उभारला. तोवर लंडनच्या श्रीमंत घरात सांधा नसलेला उंच आरसा हा संपत्तीचा उघड पुरावा होता.

१८१७च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टिनच्या ‘पर्स्वेजन’ या कादंबरीतला एक प्रसंग या पार्श्वभूमीवर वाचावा. कर्जात बुडालेले सर वॉल्टर एलियट आपला वाडा ॲडमिरल क्रॉफ्ट यांना भाड्याने देतात. ॲडमिरल वेशभूषेच्या खोलीतले मोठमोठे आरसे काढून टाकतात. कोपऱ्यात दाढीचा लहानसा आरसा त्यांना पुरतो. आपण हा प्रसंग आत्मप्रौढीवरील विनोद म्हणून शिकवतो आणि ते योग्यच आहे. पण त्या काळच्या वाचकाला त्यात दरपत्रकही दिसत असले पाहिजे. जो खर्च आवरता न आल्यामुळे सर वॉल्टरना घर सोडावे लागले, त्याच खर्चाची मोठी रक्कम त्या भिंतींवर टांगलेली होती. दोन मापांच्या दोन आरशांत ऑस्टिनबाईंनी जुना जमीनदार आणि स्वकष्टाने वर आलेला नाविक अधिकारी समोरासमोर उभे केले आहेत.

आता मोठ्या आरशांची ही कथा सोडून बाजाराच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. बव्हेरियातील न्यूर्नबर्ग आणि फ्युर्थ या जोडशहरांनी लहान, स्वस्त आरशांचा धंदा वाढविला. सामान्य घराला परवडणारा, जत्रेत विकता येणारा, पेट्यांत भरून दूरदेशी पाठवता येणारा हा माल. तो स्वस्त राहिला याची एक किंमत मात्र ग्राहकाने दिली नाही. लेप देण्याची कृती अशी : पाषाणाच्या गुळगुळीत फरशीवर कथिलाचा पातळ पत्रा पसरायचा, त्यावर पारा ओतायचा, काच अलगद सरकवीत वर आणायची, वजने ठेवायची आणि फरशी तिरकी करून जादा पारा दिवसचे दिवस निथळू द्यायचा. या खोल्यांत पाऱ्याची वाफ सतत भरलेली असे, आणि तिथे पुरुषांबरोबर स्त्रियाही काम करीत.

१८६१ मध्ये आडोल्फ कुसमाउल या वैद्याने या कामगारांच्या निरीक्षणावर आधारलेला पारदविषबाधेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. हिरड्या सुजणे, दात पडणे, हातांना आणि जिभेला कंप सुटणे या लक्षणांबरोबर त्याने एक मानसिक अवस्था नोंदविली. रोगी भित्रा आणि चिडखोर होतो, परक्या माणसाची नजर पडली की गोंधळतो, कोणी पाहत असता त्याला साधे कामही करवत नाही. इथे आम्हांला क्षणभर थांबावेसे वाटते. इतरांनी स्वतःला न्याहाळावे म्हणून जे लोक आरसे करीत होते, त्यांना स्वतःकडे कोणी पाहिलेले सोसत नव्हते.

याला पर्याय नव्हता असे नाही. इंग्लंडमध्ये ड्रेटन याने १८४३ मध्ये काचेवर चांदी चढविण्याच्या कृतीचे पेटंट घेतले होते. युस्टुस फोन लीबिग यांनी १८३५ मध्ये पाहिलेली रासायनिक क्रिया १८५०च्या दशकात आरशांसाठी वापरण्याजोगी केली, आणि पाऱ्याच्या कामगारांची सुटका हा हेतू त्यामागे होता. त्यांच्या पद्धतीने आरसे करण्याचा उद्योग न्यूर्नबर्गच्या परिसरात सुरू झाला, पण तो टिकला नाही. चांदीचा लेप हवेने खराब होई, तंत्रात उणिवा होत्या, आणि शिवाय एक अडचण अशी होती जी रसायनशास्त्राने सुटणारी नव्हती. चांदीच्या आरशात चेहरा किंचित पिवळसर दिसे. दोनशे वर्षे पाऱ्याच्या आरशातला थंड, निळसर उजेड पाहून गिऱ्हाइकाची नजर तयार झाली होती आणि आपला खरा रंग तोच असे त्याला वाटत होते. विक्रेता गिऱ्हाइकाच्या रुचीविरुद्ध माल ठेवीत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात जर्मन राज्यांनी पाऱ्याच्या कामावर कडक नियम घातले आणि चांदीचे तंत्रही सुधारले, तेव्हा कुठे पारा मागे हटला. मधली दोन-तीन दशके ज्या खोल्यांत गेली त्यांचा हिशेब कोणत्याही दरपत्रकात नाही. विक्रीयोग्य मालाची निवड ही केवळ व्यापाराची बाब नसते, नीतीचीही असते, हे या प्रकरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

दरम्यान आरसा स्वस्त होत होता. इंग्लंडमध्ये काचेवरील कर १८४५ मध्ये रद्द झाला. यंत्राने घासणी आणि झिलई होऊ लागली. फ्रान्समध्ये १८५८ साली सां-गोबँ आणि तिची प्रतिस्पर्धी सां-किरँ या कंपन्या एक झाल्या. मध्यमवर्गीय शयनगृहात आरशाचे कपाट आले आणि सामान्य कारकुनाच्या पत्नीलाही स्वतःचा पूर्ण देह पाहता येऊ लागला. एमिल झोलाच्या १८८३ सालच्या ‘ओ बोनर दे दाम’ या कादंबरीत पॅरिसच्या एका महादुकानाची कथा आहे. तिथे दर्शनी काचेमागे दोन्ही बाजूंना आरसे लावून पुतळ्यांची रांग अनंत केलेली आहे. एकेकाळी राजवाड्यात मिरवणारा आरसा आता इतर माल खपविण्याचे साधन झाला होता.

हा माल आपल्याकडे आला तेव्हा इथे आरशाची स्वतःची परंपरा होतीच. फुंकलेल्या काचेच्या गोळ्याला आतून लेप देऊन त्याचे तुकडे करण्याची कृती आपण जर्मनीच्या संदर्भात वर पाहिली. गुजरातेतील कपडवंज अशाच काचेसाठी प्रसिद्ध आहे. तिचे बारीक तुकडे कच्छच्या भरतकामात जडवले जातात. आंबेरच्या शीशमहालातही छोट्या तुकड्यांचीच जडणघडण आहे. त्यात चेहरा पाहावा अशी अपेक्षाच नाही, दिव्याची ज्योत शतगुणित व्हावी अशी आहे. व्हर्सायला लहान तुकड्यांचा सांधा लपवावा लागला, इथे तोच सांधा अलंकार झाला.

मराठी भाषेने या साऱ्या मालाची नोंद शब्दांत ठेवली आहे. ‘दर्पण’ आणि ‘आदर्श’पासून आलेला ‘आरसा’ हे शब्द धातूच्या तबकडीच्या काळातले. ज्ञानेश्वरांच्या रचनांत आरसा पुनःपुन्हा येतो, आणि त्या आरशाला घासावे लागे, उजळावे लागे हे ध्यानात घेतल्याशिवाय चित्त निर्मळ करण्याशी त्याचे नाते नीट उमगत नाही. काचेचा आरसा घासून उजळत नाही. तो फुटतो, त्याला तडा जातो. आधुनिक कवितेतला आरसा बहुधा फुटलेला का, याचे एक उत्तर इतके भौतिक आहे. ‘ऐना’ फारसीतून आला. ‘बिलोरी’ या विशेषणात स्फटिकासारख्या काचेची आठवण आहे. ‘आरसी’ म्हणजे स्त्रियांच्या अंगठीतला इवला आरसा. हातच्या कांकणाला आरसा कशाला, या म्हणीतला आरसाही असाच हाती धरण्याजोगा असावा. नाभिकाच्या धोपटीतला आरसा वेगळा आणि मुंबईच्या इराण्याच्या हॉटेलातला भिंतभर आरसा वेगळा. चांगल्या आरशाला ‘बेल्जियमचा’ म्हणण्याची आपल्याकडची रीत आयातीच्या इतिहासाची खूण आहे. महाराष्ट्रात १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, १९१६ मध्ये ओगल्यांचा उद्योग सुरू झाला, आणि ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघरी पोहोचला. स्वदेशी काचेने आपल्या घराला प्रथम उजेड दिला. भिंतीवरचा मोठा आरसा पुष्कळ काळ परदेशीच राहिला.

१९५९ मध्ये पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगविण्याची कृती जाहीर केली. तिने घासणी आणि झिलई दोन्ही अनावश्यक केल्या आणि मापाचा व किमतीचा जुना चढ जवळजवळ सपाट झाला. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूर येथे सां-गोबँचा कारखाना २००० साली सुरू झाला, तो याच कृतीचा. आज पूर्णाकृती आरसा ही विशेष उल्लेख करावा अशी वस्तूच उरलेली नाही. म्हणूनच जुने साहित्य शिकविताना आणि अनुवादिताना अधिक सावध राहिले पाहिजे. इंग्रजी किंवा फ्रेंच कादंबरीतला दोन खिडक्यांमधला उंच आरसा, पायांवर झुलणारा उभा आरसा, शेगडीवरचा आरसा आणि दाढीचा आरसा यांना मराठीत एकाच ‘आरसा’ शब्दात गुंडाळले तर पात्राची ऐपत, त्याचा वर्ग आणि त्याला स्वतःचा किती भाग दिसत होता, ही तिन्ही माहिती गळून पडते. त्यासाठी नवे शब्द घडविण्याची गरज नाही. अनुवादकाने जागेचे आणि मापाचे एखादे विशेषण राखले तरी पुरे.